चित्रवहीचा रोजचा खेळ

कोरी चित्रवही हाती आली की कित्येक मुले पहिल्याच पानावर अडतात. रेघ काढावी, रबराने खोडावी, पुन्हा काढावी. अखेर कागद फाटतो आणि वही पेटीत जाते.

घरातील एक तांब्याच घ्या. आज तो शिसपेन्सिलीने काढा, उद्या तुराटीच्या कोळशाने. कोळशाची रेघ बारीक उमटत नाही, म्हणून डोळा आपोआप छायाप्रकाश शोधू लागतो. परवा तिरपा छाटलेला बोरू शाईत बुडवा. तो रुंद बाजूने ओढला की रेघ जाड, कडेने फिरविला की बारीक. आणि ती खोडता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण! चुकलेली रेघ राहू द्यावी, शेजारी दुसरी काढावी. रोज दहा मिनिटे पुरेत. (पालकांनी मात्र "हे काय काढलेस?" असे विचारू नये.)

पावसाळ्यात नळदुर्गास गेलात तर वही न्यावी. बोरी नदीवर १६१३ साली बांधलेल्या धरणाच्या भिंतीवरून 'नर' व 'मादी' हे धबधबे कोसळतात. पेन्सिलीने पाण्याची एकेक धार काढू जाल तर हात थकेल. त्यापेक्षा कोळसा आडवा धरून काळी दगडी भिंत घासावी. पाण्यासाठी कागद नुसता मोकळा सोडावा.