नाताळात जर्मनीत घर बदलताय?

पुण्याहून श्टुटगार्टला येणाऱ्या बऱ्याच कुटुंबांचं पहिलं घर कंपनीने बघून दिलेलं असतं. पलंग, भांडी, पडदे, सगळं तयार. ठरलेली मुदत संपली की आपलं आपण घर शोधायचं. आमची मुदत 31 डिसेंबर 2023ला संपत होती आणि नव्या घराचा करार 1 जानेवारीपासून होता. ‘सुट्ट्याच आहेत, निवांत शिफ्टिंग करू,’ असं घरात ठरलं. सासूबाईही तेव्हा इथेच होत्या, लेकीची शाळा बंद, म्हणजे हाताशी माणसंही होती.

आता कॅलेंडर बघा. त्या वर्षी 24 डिसेंबर रविवारी आला. 25 आणि 26 या दोन्ही इथे सार्वजनिक सुट्ट्या. शनिवारी दुकानांची शटर पडली ती थेट बुधवारी सकाळी उघडली. मग 31ला पुन्हा रविवार आणि 1ला नवं वर्ष. बाडन-व्युर्टेम्बर्ग राज्यात 6 जानेवारीलाही सुट्टी असते. तो शनिवार, पाठोपाठ रविवार. मधल्या कामाच्या दिवसांत निम्म्या ऑफिसांचे फोन उचलायला कोणी नाही. एरवी 24 तारीख कामाच्या वारी आली, तरी दुकानं दुपारी दोनपर्यंत आवरतातच.

म्हणजे जुनं घर रविवारी सोडायचं आणि नवं सुट्टीच्या दिवशी ताब्यात घ्यायचं. चाव्या घेणार कोण, देणार कोण? नवे घरमालक भले निघाले. आधीचा भाडेकरू लवकर गेला होता, म्हणून त्यांनी थोडं जास्तीचं भाडं घेऊन 20 तारखेलाच चावी हातात दिली. त्या सबंध महिन्यात सत्कारणी लागलेला खर्च तेवढाच.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात होती. जर्मनीत भाड्याच्या कितीतरी घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती खोली असते. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून आलेला नळाचा पाइप आणि विजेची जोडणी, एवढंच. छतालाही दिवे नसतात, वायरी लोंबत असतात. आणि डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो. किचन बसवणारा माणूस 22 तारखेला येणार होता. आदल्या दिवशी निरोप आला की तो आजारी आहे, पुढची तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. भांडून उपयोग नव्हता, सगळ्यांचीच माणसं सुट्टीवर. इथली मोठी शेगडी आपण प्लग लावून सुरूही करू शकत नाही, ती इलेक्ट्रिशियननेच जोडायची असते.

आम्हाला तारलं ते साध्या प्लगवर चालणाऱ्या एका छोट्या इंडक्शन शेगडीने. सासूबाईंचा आग्रह एकच होता, नव्या घरात आधी दूध उतू गेलं पाहिजे. ते गेलं, खोक्यांच्या मधोमध, जमिनीवर. मग त्यांनी हौसेने धूप लावला आणि बेडरूमच्या छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. या राज्यात झोपायच्या प्रत्येक खोलीत तो सक्तीचा आहे, तेव्हा धूप बाल्कनीतच बरा. भांडी घासणं मात्र बाथरूमच्या बेसिनमध्ये चाललं आणि त्याबद्दल सासूबाईंनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हा 23 तारखेच्या आत घरात काय हवं ते सांगते: छोटी शेगडी, दोन-तीन उभे दिवे, डाळ-तांदूळ-पीठ, तापाची औषधं. काही राहिलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं आणि पेट्रोलपंप उघडे असतात, महाग पडतात एवढंच. औषधाची दुकानं पाळीपाळीने उघडी असतात. सुट्टीत डॉक्टर हवा असेल तर 116117 आणि जीवावरचं असेल तर 112, हे दोन नंबर भिंतीवर चिकटवा. हीटिंग बंद पडलं तर कोणाला फोन करायचा, हे घरमालकाला आधीच विचारून ठेवा.

टेम्पोचंही आधी बघा. इमारतीसमोर जागा राखायला पालिकेची परवानगी घेऊन पाट्या काही दिवस अगोदर लावाव्या लागतात. स्वतः चालवणार असाल, तर भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी भिंतीत ड्रिल मारणं विसरा, शेजारी पोलिसांना बोलावू शकतात.

घर क्रमांक असतो, पण फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन लेटरबॉक्सवरचं नाव वाचतो आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, व्हिसाच्या ऑफिसचं पत्र, विम्याची कागदपत्रं, सगळं टपालानेच येतं. नावाची पाटी करून देणारा सुट्टीवर असेल, म्हणून कागदावर नाव लिहून पहिल्याच दिवशी चिकटवा. जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या घरी वळवायचा अर्ज पोस्टाकडे निदान आठवडाभर आधी द्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंदही करायची असते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो चावीबरोबरच मागून घ्या. अपॉइंटमेंट डिसेंबरच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

जुन्या घराचा किस्सा कडू आहे. तिथलं ऑफिस 22 तारखेपासून बंद. ‘चाव्या लेटरबॉक्समध्ये टाका,’ असा त्यांचाच ईमेल आला. जानेवारीत त्यांनी लाकडी फरशीवरचे ओरखडे आमच्या नावावर टाकले आणि डिपॉझिटमधून पैसे कापायची भाषा सुरू केली. डिपॉझिट इथे तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं, रक्कम लहान नसते. आम्ही निघताना प्रत्येक खोलीचे फोटो आणि विजेच्या, हीटिंगच्या मीटरचे आकडे टिपले होते, एका मित्राला साक्षीला नेलं होतं, म्हणून बहुतेक पैसे सुटले. तरी दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला ताब्याचा कागद नसेल तर वाद होतोच. तो कागद 20 डिसेंबरच्या आत करून घ्या, मग भले शेवटचे काही दिवस रिकाम्या घराचं भाडं फुकट जाऊ दे.

नव्या वर्षात दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसली: केरवोखं. या भागात जिना आणि अंगण झाडायची आठवड्याची पाळी भाडेकरूंमध्ये फिरते. श्टुटगार्ट शहराने 1988 मध्ये ती आपल्या नियमातून काढली, पण भाडेकरारांत ती अजून ठाण मांडून आहे. खोकी उघडली नसली तरी पाळी चुकत नाही. बर्फ पडला तर तो हटवायचं कामही करारात आहे का, ते वाचून ठेवा आणि फावडं घेऊन ठेवा.

शक्य असेल तर 20 डिसेंबर ते 7 जानेवारी या काळात घर बदलूच नका. नाइलाज असेल, तर करारावर सही करण्यापूर्वी नव्या घरमालकाला एकच प्रश्न विचारा: जास्तीचं भाडं देतो, चावी 15 डिसेंबरला मिळेल का?