स्वर वाचायला शिकूया



पहिलीत आल्यावर आपण अक्षरे शिकतो आणि वर्षभरात पाटीवरचे वाक्य वाचू लागतो. संगीताच्या तासाला मात्र वेगळेच चित्र दिसते. दोन-तीन वर्षे पेटी किंवा बासरी छान वाजवणाऱ्या मुलांसमोर स्वरलिपीत लिहिलेले गाणे ठेवले, तर ती गोंधळून जातात. ऐकून वाजवणे त्यांना येते, वाचून वाजवणे येत नाही. म्हणून या अंकात आम्ही स्वरलिपीचा, म्हणजे ज्याला आपण सगळे 'नोटेशन' म्हणतो त्याचा, पहिला पाठ देत आहोत. पालकांनीही तो मुलांबरोबर वाचावा. त्यासाठी गाता येण्याची अट नाही.

ही लिपी कोणी घडवली?

आपले संगीत शेकडो वर्षे गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात गेले. त्यात गोडवा होता, पण धोकाही होता. गुरू गेले आणि शिष्य नसला, तर चीज कायमची बुडाली.

या अडचणीवरचे एक मोठे काम आपल्या गुजरातेतच झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (१८६३-१९३९) मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. त्यांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा सुरू केली. वर्गात एकाच वेळी अनेक मुलांना शिकवायचे, तर फळ्यावर लिहिता येईल अशी लिपी हवी. ती मौलाबक्षांनी स्वतः तयार केली आणि तिच्यात पाठ्यपुस्तके छापली.

पुढे दोन विष्णूंनी हे काम वाढवले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) हे कुरुंदवाडचे. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपली लेखनपद्धती रूढ केली. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे मुंबईचे, व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर हिंडून, उस्तादांची मने वळवून चिजा मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांच्या ग्रंथात शेकडो चिजा स्वरलिपीसह मराठीत छापल्या. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांच्याच पुढाकाराने १९१६ साली बडोद्याला भरली. आज आपल्या वर्गात जी लिपी वापरतात, ती भातखंडे पद्धतीची.

खुणा ओळखा

भातखंडे लिपीला वेगळी अक्षरे नाहीत. सा रे ग म प ध नि ही आपलीच अक्षरे आणि त्यांच्या खाली-वर थोड्या खुणा, एवढेच.

१. खूण नसलेला स्वर शुद्ध आणि मधल्या सप्तकातला : सा रे ग म प ध नि

२. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर : रे॒ ग॒ ध॒ नि॒

३. 'म'च्या वर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम : म॑

४. खाली टिंब म्हणजे मंद्र, अर्थात खालचे सप्तक : प़ ध़ नि़

५. वर टिंब म्हणजे तार, अर्थात वरचे सप्तक : सां रें गं

६. स्वरापुढे आडवी रेघ (–) म्हणजे आधीचा स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा.

७. दोन किंवा अधिक स्वरांखाली कंस जोडला, तर ते सर्व मिळून एकाच मात्रेत म्हणायचे.

८. तालासाठी : × म्हणजे सम, ० म्हणजे काल (खाली), आणि २, ३ हे आकडे म्हणजे पुढच्या टाळ्या.

सहाव्या खुणेकडे विशेष लक्ष द्या. बरीच मुले रेघ दिसली की थांबतात. ती रेघ थांबण्याची नव्हे, लांबवण्याची आहे. बासरी वाजवताना रेघेवर फुंकर तुटता कामा नये. पेटीवर बोट उचलू नये.

आता वाचा

भूप रागात आम्ही या पाठासाठी एक लहानसा सराव बसवला आहे. भूपात म आणि नि नाहीत, सर्व स्वर शुद्ध आहेत. ताल त्रिताल, मात्रा १६. चार-चार मात्रांचे चार विभाग आहेत. त्यांच्या सुरुवातीला अनुक्रमे ×, २, ०, ३ या खुणा समजाव्यात.

सा – रे ग | प – ग रे | ग – प ध | सां – – –

सां – ध प | ग – प ग | रे – सा ध़ | सा – – –

लगेच वाद्याला हात लावू नका. आधी पहिली ओळ मोजा. दहा स्वर आणि सहा रेघा, मिळून १६ मात्रा. कोणत्याही गाण्यात मात्रांची बेरीज तालाशी जुळली नाही, तर उतरवताना काहीतरी गळले आहे असे समजावे. गणितात ताळा करतो तसाच हा ताळा आहे.

मग पुढील क्रमाने जा. प्रथम हाताने ताल धरून नुसती स्वरांची नावे म्हणा, सूर लावू नका. ते जमले की सुरात गा. गाता आले की वाद्यावर घ्या. शेवटी वही मिटून वाजवा. हे चार टप्पे घाईने ओलांडणाऱ्याची नजर कागदाला चिकटून राहते आणि कान बंद होतो.

बासरीच्या मुलांसाठी : सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन छिद्रे बंद केली की सा. दोन बंद ठेवली की रे, एक बंद ठेवले की ग. सहाही बंद केली की मंद्र प, आणि सर्वांत खालचे एक उघडले की मंद्र ध. दुसऱ्या ओळीतला टिंब असलेला ध़ तो हाच.

खुणा सगळीकडे सारख्या नसतात

इथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब असेल तर तो तार सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत मात्र वरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते, आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ असते. म्हणजे तेच टिंब, पण अर्थ अगदी उलटा! जुने पुस्तक हाती आले तर आधी त्याची पहिली पाने उघडून खुणांची यादी वाचा, मगच गाणे.

हा नियम परदेशातही लागू पडतो. आयर्लंडमध्ये टिन व्हिसल नावाची पत्र्याची लहान बासरी घरोघरी वाजते. तिलाही सहाच छिद्रे, पण ती पाव्यासारखी समोर धरतात. तिथल्या पारंपरिक चालीही ऐकूनच पुढे जात आल्या. १९९० च्या दशकात क्रिस वॉलशॉ यांनी त्या चाली साध्या कळफलकावर टाईप करता येतील अशी 'एबीसी' लिपी प्रसारात आणली. तीत इंग्रजी मोठे अक्षर खालच्या सप्तकाचे आणि लहान अक्षर वरच्या सप्तकाचे. अक्षरापुढे २ लिहिले तर स्वर दुप्पट लांब. आपल्याकडे मोबाईलवर सरगम पाठवताना अनेक जण इंग्रजी अक्षरेच वापरतात, पण तिथे मोठे अक्षर शुद्ध स्वराचे आणि लहान अक्षर कोमल स्वराचे असते. फक्त 'म' वेगळा : लहान म शुद्ध, मोठा म तीव्र. अक्षरे तीच, करार निराळा. म्हणून कोणाला सरगम पाठवाल तेव्हा वर एका ओळीत खुणांचा अर्थ लिहा. झेरॉक्समध्ये आणि मोबाईलमध्ये टिंबे व रेघा सहज नाहीशा होतात. एक टिंब गेले की स्वर सात पायऱ्या खाली किंवा वर जाऊन पडतो.

लिपीत काय मावत नाही?

कागदावर स्वर आणि मात्रा उतरतात. स्वर किती हळुवार लावायचा, कुठे किंचित हलवायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे सगळे कागदावर उतरत नाही. पत्रात मजकूर येतो, लिहिणाऱ्याचा आवाज येत नाही, तसेच हे आहे. म्हणून लिपी आली तरी गुरूंची गरज संपत नाही. लिपी ही आठवणीची गाठ आहे. गाठ सोडवायला ऐकलेला कान लागतोच.

आपल्या घरातले गाणे

पालकहो, हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही. आपल्या गोडादरा, लिंबायत, उधना भागातली कितीतरी घरे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कापड उद्योगातल्या कामासाठी सुरतेला आली. येताना आजीने अहिराणी गाणी आणली. श्रावणात कानबाईच्या जागरणाची, लग्नात हळदीची, जात्यावरच्या ओव्यांची. घरात त्यांचे शब्द कोणीतरी वहीत लिहून ठेवलेले असतात. चाल मात्र फक्त आजीच्या गळ्यात असते. मुले शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि मित्रांत हिंदी बोलतात. आजीजवळ बसून गाणे ऐकण्याची वेळ कमी कमी होत चालली आहे. आजीचा आवाज थांबला की वहीत शब्द राहतील, पण ते कसे म्हणायचे हे सांगणारे कोणी उरणार नाही. भातखंड्यांनी मोठमोठ्या उस्तादांच्या चिजांसाठी जे केले, ते आपल्या आजीच्या गाण्यासाठी सातवीतला मुलगा किंवा मुलगी करू शकते.

मोबाईलवर आवाज जरूर भरून ठेवा, पण मोबाईल बदलतो, हरवतो. आवाज आणि स्वरलिपी दोन्ही असतील तर एकाची उणीव दुसरे भरून काढते.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की ग्रंथालयात क्रमिक पुस्तक मालिकेचे भाग मुलांच्या हाती येतील असे ठेवावेत, आणि अशा उतरवलेल्या गाण्यांसाठी शाळेत एक जाड नोंदवही ठेवावी.

स्वाध्याय

१. वरचा भूपातला सराव ताल धरून पाच वेळा म्हणा, मग वाजवा.

२. दुसऱ्या ओळीत स्वर किती आणि रेघा किती ते मोजून ताळा करा.

३. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक गाणे ऐका. त्याची पहिली ओळ पेटीवर शोधून स्वरलिपीत लिहा. खाली गाण्याचा प्रसंग, गाव आणि ते तुम्हाला कोणी सांगितले ते लिहा. एवढी एकच ओळ नीट उतरली तरी पुरे.

वह्या पुढील महिन्याच्या पहिल्या शनिवारी संगीताच्या तासाला आणाव्यात. चुका झाल्या तर वर्गात मिळून दुरुस्त करू. ज्यांच्या आजी-आजोबांना शाळेत येऊन गाणे म्हणून दाखवायला आवडेल, त्यांचे आम्ही मनापासून स्वागत करू.