धुऱ्यावरचा निंब

१. बाटलीवरचा त्रिकोण

यवतमाळ जिल्हा कापसाचा जिल्हा आहे. राळेगाव घ्या, घाटंजी घ्या, आर्णी घ्या, नाही तर पांढरकवडा घ्या. काळ्या जमिनीत पऱ्हाटी उभी असते. आणि वावराच्या धुऱ्यावर कुठे ना कुठे निंबाचे झाड असते. पऱ्हाटीकडे आपण रोज पाहतो. निंबाकडे पाहतो ते सावलीपुरते. आजच्या पाठात त्या निंबाची ओळख करून घेऊ.

श्रावणातली संध्याकाळ होती. साक्षरता वर्ग भरला होता. एक काका उशिरा आले. त्यांच्या हातात रिकामी बाटली होती.

"गुरुजी, यावर काय लिवलं हाय, थोडं वाचून सांगा जी."

"काकाजी, आता मी कशाला वाचू? तुम्हाला अक्षरे येतात. तुम्हीच वाचा."

काकांनी बाटली दिव्याजवळ धरली. बाटलीवर एक चौकोन होता, एका कोपऱ्यावर उभा केलेला. त्याचे दोन त्रिकोण पाडले होते. वरच्या त्रिकोणात माणसाची कवटी आणि दोन हाडे होती. खालचा त्रिकोण लाल होता. शेजारी बारीक अक्षरे होती. काका एकेक अक्षर लावू लागले.

"वि... ष. विष!"

काका थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमी तं याले दवाई म्हणतो. काल हेच फवारलं. पायात चप्पल नव्हती."

वर्ग एकदम शांत झाला.

गुरुजी म्हणाले, "चूक इथूनच सुरू होते. विषाला आपण औषध म्हणतो. औषध म्हटले की भीती जाते. हा रंग नीट ओळखा. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. पिवळा त्याहून कमी. निळा त्याहून कमी. हिरवा सर्वांत कमी. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे."

२. २०१७ साली काय झाले

पुढचे कोणी सांगायची गरज नव्हती. आपल्या जिल्ह्याला ते वर्ष विसरता येत नाही.

२०१७ साली पावसाळ्यात पऱ्हाटी खूप वाढली. कुठे कुठे ती माणसाच्या खांद्याच्याही वर गेली. किडीचा जोर होता. शेंदरी बोंडअळीही आली. लोकांनी फवाऱ्यामागून फवारे घेतले. काहींनी दोन-तीन विषे एकत्र केली. उंच आणि दाट पऱ्हाटीत फवारा माणसाच्या तोंडावर आला. विष श्वासातून गेले, कातडीतून गेले, डोळ्यांत गेले.

जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात शेकडो जण आजारी पडले. वीसच्या आसपास माणसे दगावली. कुणी कास्तकार होते, कुणी रोजीने फवारणारे मजूर होते. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रोग्यांची रांग लागली. कुणाला नीट दिसेना. कुणाला उलट्या होत. कुणाला श्वास घेता येईना.

अळी मारायला माणूस गेला, आणि माणूसच मेला. असे पुन्हा होऊ नये, यासाठी हा पाठ आहे.

३. निंब काय करतो

एक काकू मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमची आजी धान्यात निंबाचा पाला टाके. पोरखिडे लागत नसत. मंग पऱ्हाटीवर निंब काहून नाही चालत?"

"चालतो, काकू. पण तो कसा चालतो, ते समजून घ्यायला पाहिजे."

निंबाच्या बीत एक कडू द्रव्य असते. त्याचे नाव अॅझाडिरॅक्टिन. पाल्यात ते थोडे असते. निंबोळीच्या गरात, म्हणजे बीच्या आतल्या मगजात, ते जास्त असते. म्हणून फवाऱ्यासाठी पाल्यापेक्षा निंबोळी बरी.

हे द्रव्य किडीला तीन प्रकारे अडवते. एक, पान कडू लागते. अळी कमी खाते, उपाशी राहते. दोन, अळीला वाढताना कात टाकावी लागते. ती कात नीट टाकता येत नाही. तीन, फवारलेल्या पानावर किडीची मादी अंडी कमी घालते.

याचा एक दाखला आहे. १९६२ साली दिल्लीकडे टोळधाड आली. तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. प्रधान यांनी निंबोळीच्या मगजाचे पाणी पिकावर फवारून पाहिले. टोळ पिकावर उतरले. पण फवारलेली पाने त्यांनी खाल्ली नाहीत. आजीचा पाला आणि दिल्लीचा प्रयोग, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. विषाने कीड तासाभरात पडते. निंबाने तशी पडत नाही. ती हळूहळू सुस्त होते. दोन-चार दिवस धीर धरावा लागतो. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून "निंब खोटा" असे म्हणू नये.

४. अर्क कसा करावा

निंबोळ्या जून-जुलैत पिकतात आणि झाडाखाली पडतात. पेरणीची घाई त्याच वेळी असते. तरी रोज टोपलीभर वेचाव्या. पिवळ्या, पिकलेल्या निंबोळ्या घ्याव्या. पाण्यात चोळून वरचा गर काढावा. बिया सावलीत वाळवाव्या. वाळलेल्या बिया गोणपाटाच्या पोत्यात हवेशीर जागी ठेवाव्या. बुरशी आलेल्या बिया फेकून द्याव्या. एका हंगामात वेचलेल्या बिया त्याच हंगामात वापराव्या. जुन्या झाल्या की त्यांचा गुण कमी होतो.

आता माप. हे माप वहीत लिहून घ्या.

वाळलेल्या निंबोळ्या ५ किलो घ्याव्या. कांडून भरड करावी. ही भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी. वेगळ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून ठेवावा. सकाळी भरड काठीने चांगली ढवळावी आणि फडक्यातून दोनदा गाळावी. मग त्यात साबणाचे पाणी घालावे. असा एकूण १० लिटर अर्क होतो. तो ९० लिटर पाण्यात मिसळला की १०० लिटर फवारा तयार झाला. यालाच ५ टक्के निंबोळी अर्क म्हणतात.

साबण कशाला? साबणाने फवारा पानाला चिकटतो. नाही तर तो घरंगळून जातो.

पाठीवरचा पंप १५ लिटरचा असेल तर त्यात दीड लिटर अर्क आणि साडेतेरा लिटर पाणी घालावे.

अर्क उकळू नये. उष्णतेने त्याचा गुण जातो. उन्हानेही जातो. म्हणून संध्याकाळी फवारावे. केलेला अर्क त्याच दिवशी संपवावा. पानाच्या खालच्या बाजूलाही फवारा लागला पाहिजे, कारण कीड तिथेच लपते.

पहिला फवारा पऱ्हाटी ४०-४५ दिवसांची झाली की घ्यावा. तेव्हा मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही रस शोषणारी कीड नुकतीच येऊ लागते. कीड थोडी असते तेव्हाच निंबाचा जोर चालतो.

काकू म्हणाल्या, "याले मेहनत लागते बाप्पा. वेचा, वाळवा, कांडा. बाटली तं दुकानात आयती भेटते."

गुरुजी म्हणाले, "खरे आहे. मेहनत लागते, आणि ती बहुतेक बायांच्याच वाट्याला येते. म्हणून घरातल्या पुरुषांनी कांडायला हात लावावा. पण काकू, आयत्या बाटलीचे मोल २०१७ साली किती झाले, तेही मोजा."

५. निंब काय करीत नाही

निंबाचे गुण सांगितले. आता त्याच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. नाही तर हा पाठ अर्धा राहील, आणि अर्धे ज्ञान फसवते.

शेंदरी बोंडअळी अंड्यातून निघते आणि बोंडात शिरते. एकदा आत गेली की निंबाचा फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. विषाचाही पोचत नाही. तिच्यासाठी वेळेवर जागे राहावे लागते. वावरात हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावे. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असे सतत ३ दिवस सापडले, तर कृषी सहायकाला विचारून उपाय करावा. गुलाबासारखी मिटलेली फुले दिसतात, त्यांना डोमकळी म्हणतात. त्यांत अळी असते. ती तोडून नष्ट करावी. आणि फरदड घेऊ नये. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली की अळीला खायला उरत नाही.

मूग, उडीद आणि सोयाबीनवर पिवळा मोझॅक येतो. पानावर पिवळे-हिरवे चट्टे पडतात. हा विषाणूचा रोग आहे. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. तो पांढऱ्या माशीबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. झाडात शिरलेला विषाणू कोणत्याही फवाऱ्याने निघत नाही. रोगट झाड दिसताच उपटून पुरावे. निंबोळी अर्काने पांढरी माशी कमी होते, म्हणून रोग पसरायचा थोडा थांबतो. निंब माशीला अडवतो, विषाणूला मारीत नाही. हा फरक विसरू नये.

अलीकडे दुकानात समुद्रशेवाळाच्या अर्काची बाटलीही मिळते. आपला जिल्हा समुद्रापासून दूर, म्हणून लोकांना त्याचे नवल वाटते. हे शेवाळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लावतात. त्याचा रस काढायची रीत गुजरातेतील भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेने बसवली. हा रस पिकाच्या वाढीला मदत करतो. २०२१ साली केंद्र सरकारने अशा अर्कांना खतांच्या कायद्याखाली आणले, कीटकनाशकांच्या नव्हे. म्हणून "याने अळी मरन, विषाणू जाईन" असे कोणी सांगितले तर पैसे देऊ नका.

६. झाडाचे आहे म्हणून निर्धोक नव्हे

एक आजी म्हणाल्या, "पोराले ताप आला की मी निंबाचं तेल पाजू काय?"

गुरुजी घाईने म्हणाले, "नाही, आजी. कधीच नाही. निंबाचे तेल पोटात गेल्याने लहान लेकरे बेशुद्ध पडली आहेत, दगावलीही आहेत. ताप डेंग्यूचा असेल तर तो विषाणूचा. मलेरियाचा असेल तर तो रक्तात शिरलेल्या परोपजीवीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या बारीक जंतूचा. कोणता ताप आहे, ते रक्त तपासल्यावाचून कळत नाही. लेकराला आरोग्य केंद्रात न्या."

झाडातून औषध निघते, हे खरे आहे. चीनमध्ये तू योयो नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी एका दवण्यासारख्या झाडातून मलेरियाचे औषध काढले. आधी पाला उकळला जाई, आणि गुण निघून जाई. त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, तेव्हा तो लागू पडला. १९७२ साली त्यातले नेमके द्रव्य वेगळे केले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण तो अर्क आधी जनावरांवर तपासला, मग माणसांवर तपासला, मग मात्रा ठरली. झाड जुने होते. माप नवे होते. औषध त्या मापामुळे झाले.

७. विष फवारावेच लागले तर

कीड फार वाढली तर कधी विष फवारावे लागते. तेव्हा हे पाळा.

आधी बाटली वाचा. दोन विषे एकत्र करू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, जोडे, हातमोजे, तोंडाला मुखपट्टी आणि डोळ्यांना चष्मा घाला. वारा तोंडावर येत असेल तर फवारू नका. फवारताना खर्रा, बिडी, पाणी, काही तोंडात घालू नका. उपाशीपोटी फवारू नका. काम झाले की साबणाने आंघोळ करा. फवाऱ्याचे कपडे वेगळे धुवा. रिकाम्या बाटलीत तेल-पाणी भरू नका.

मजुराला फवारायला पाठवले तर हे सगळे साहित्य मालकाने द्यावे. मजुराचा जीवही जीवच आहे.

कुणाला अंधारी आली, मळमळले, तोंडाला फेस आला, तर त्याला लगेच वावराबाहेर आणा. अंगावरचे कपडे काढा. अंग साबण-पाण्याने धुवा. निंबाचा रस, दूध, तेल काही पाजू नका. १०८ नंबरला फोन करा. आणि विषाची बाटली बरोबर न्या. बाटलीवरचे नाव वाचले की डॉक्टरांना उपाय ठरवता येतो.

वर्ग सुटला. काकांनी बाटली पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "गुरुजी, यंदा निंबोळ्या वेचल्या नाहीत. पुढच्या जूनले वेचीन. पण जोडे उद्याच घीन."

गुरुजी म्हणाले, "काकाजी, आजचा धडा तुम्हाला आला."

विचार करा आणि लिहा

१) तुमच्या घरातील फवाऱ्याची बाटली पाहा. तिच्यावरचा खालचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे?

२) एका एकरातील मोठ्या पऱ्हाटीला २०० लिटर फवारा लागतो. तर वाळलेल्या निंबोळ्या किती किलो लागतील? तीन एकरांना किती?

३) निंबोळी अर्काने पिवळा मोझॅक बरा का होत नाही?

४) तुमच्या गावात निंबाची झाडे किती आहेत? पुढच्या जूनमध्ये निंबोळ्या कोण वेचील, कोण कांडील, ते घरी बसून ठरवा.