जळालेली चित्रे, उरलेला ग्रंथ

खडकात कोरलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रे काळाच्या ओघात झिजत होती. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२पासून त्यांच्या प्रतिकृती रंगविल्या. त्या लंडनला पाठविण्यात आल्या; परंतु १८८५ साली तेथील संग्रहालयास लागलेल्या आगीत अनेक प्रतिकृती भस्मसात झाल्या. पुढे १८९६-९७मध्ये या कार्यावर आधारित दोन खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. मूळ भिंतींवर आज पुसट झालेले कित्येक तपशील या ग्रंथात पाहावयास मिळतात. म्हणूनच अभ्यासक वास्तुकला व प्रादेशिक वारसा यांविषयीचे दुर्मीळ ग्रंथ, नकाशे व अहवाल शोधून त्यांचा संग्रह करतात. रद्दीत गेलेल्या एखाद्या जुन्या ग्रंथाबरोबर एखाद्या वास्तूची अखेरची नोंदही नाहीशी होऊ शकते.