तांब्याची उघडी खाण : मलाजखंडचा धडा

ठाण्याहून जुन्या मार्गाने भिवंडीकडे जाताना खाडीवरील पूल ओलांडला की कशेळी लागते. पुढे गोदामांची रांग आणि त्यापलीकडे भिवंडीचे यंत्रमाग. मागाच्या प्रत्येक मोटारीत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. मोटारीपर्यंत वीज आणणाऱ्या जोडण्यांतही तांबे असते. ज्या धातूवाचून हा व्यवसाय एक दिवसही चालणार नाही, तो धातू येतो कोठून आणि जमिनीतून काढला जातो तो कसा, हे समजून घेणे उद्बोधक आहे. त्यातून आपल्या परिसरातील दगडखाणींबाबतही बरेच शिकण्यासारखे आहे.

काळा दगड आणि तांबे

कशेळीच्या खाडीकाठच्या गाळाखाली व भिवंडी तालुक्यातील टेकड्यांत जो काळा दगड आहे तो बेसाल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर आला, थरावर थर साचून थिजला आणि महाराष्ट्राचा फार मोठा भाग त्याने व्यापला. या दगडातही तांबे असते. मात्र त्याचे प्रमाण एका टनास साधारणपणे शंभर ते दोनशे ग्रॅम इतके अल्प असून ते खडकाच्या कणाकणांत विखुरलेले असते. ते वेगळे काढण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या कितीतरी पट होईल. म्हणून बेसाल्ट हे तांब्याचे धातुक नव्हे. ज्या खडकातून धातू परवडणाऱ्या खर्चात मिळू शकतो, त्यालाच धातुक म्हणतात. धातुकाच्या या व्याख्येत भूविज्ञानाइतकेच अर्थशास्त्रही आहे.

महाराष्ट्रात तांब्याची धातुके आढळतात ती बेसाल्टच्या प्रदेशाबाहेर, विदर्भाच्या पूर्व भागातील अतिप्राचीन खडकांत. चंद्रपूर जिल्ह्यातील थानेवासना व दुबारपेठ येथील साठे भूवैज्ञानिक पाहणीतून उजेडात आले आहेत. परंतु तांब्याची मोठी उघडी खाण पाहावयाची तर गोंदिया जिल्ह्याची सीमा ओलांडून मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे जावे लागते.

मलाजखंडचा साठा

मलाजखंडचा खडक ग्रॅनाइट जातीचा असून तेथील तांब्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. दख्खनच्या लाव्हाहून तो कितीतरी पटींनी जुना आहे. भूगर्भातून वर चढणारी उष्ण, खनिजयुक्त द्रावणे ग्रॅनाइटमधील भेगांत शिरली आणि निवताना त्यांनी गारगोटीबरोबर तांबे, लोह व गंधक यांची संयुगे मागे ठेवली. कॅल्कोपायराइट हे पितळी रंगाचे खनिज त्यांतील मुख्य होय. शुद्ध कॅल्कोपायराइटमध्ये सुमारे ३५ टक्के तांबे असते. परंतु गारगोटीत ते ठिपक्यांच्या व शिरांच्या रूपाने पसरलेले असल्याने सरासरी धातुकात तांब्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास भरते. हा धातुकपट्टा कमानीसारखा वाकलेला, सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा आणि पूर्वेकडे तीव्र उताराने खोल जाणारा आहे.

पृष्ठभागाजवळ हवा व पाणी यांच्या क्रियेने तांब्याची खनिजे बदलतात आणि मॅलेकाइटसारखी हिरवी खनिजे तयार होतात. खडकावरील असे हिरवे डाग ही तांबे शोधणाऱ्यांची जुनी खूण होय.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने येथील साठ्याचे तपशीलवार अन्वेषण केले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या केंद्र सरकारच्या कंपनीने १९८२ मध्ये येथे उघड्या पद्धतीच्या खाणीचा प्रकल्प उभा केला. त्याची क्षमता वर्षाला २० लाख टन धातुकाची होती.

खाणीचे काम

उघड्या खाणीत खडक वरून खाली, पायऱ्यापायऱ्यांनी काढतात. मलाजखंड येथे पायरीची उंची १२ मीटर ठेवण्यात आली. प्रथम पायरीवर ओळीने उभी छिद्रे पाडतात. छिद्रांतून निघालेल्या भुकटीचे नमुने तपासून धातुक कोठे व निरुपयोगी खडक कोठे, याची आखणी होते. नंतर सुरुंग उडवून खडक फोडतात. यांत्रिक फावडी तो डंपरमध्ये भरतात. धातुक दळणयंत्रांकडे आणि निरुपयोगी खडक खाणीबाहेरील ढिगाऱ्याकडे जातो.

धातुक पिठासारखे बारीक दळून पाण्यात कालवतात. त्यात ठराविक रसायने मिसळून हवा सोडली की तांब्याच्या खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि गारगोटीचे कण तळाशी राहतात. या क्रियेस प्लवन म्हणतात. फेस वाळवून जे खनिज मिळते त्यात तांबे सुमारे एक चतुर्थांश असते. ते भट्टीत वितळवून व विजेच्या साहाय्याने शुद्ध करून धातू तयार होतो. शुद्ध तांब्यापासून तारेसाठी लागणाऱ्या सळ्या ओतण्याचा याच कंपनीचा कारखाना १९८९ मध्ये रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे सुरू झाला. भिवंडीपासून तो फार दूर नाही.

येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. एक टक्का तांबे असलेल्या १०० टन धातुकात एक टन तांबे असते. दहावा हिस्सा प्रक्रियेत निसटतो असे धरल्यास ९०० किलो तांबे हाती येते. त्यासाठी सुमारे ३.६ टन प्लवित खनिज वेगळे निघते आणि उरलेले ९६ टनांहून अधिक बारीक पीठ पाण्यासह बांध घातलेल्या मोठ्या तलावात साठवावे लागते.

खाण कोठे थांबते?

खाणीच्या भिंती उभ्या ठेवल्या तर त्या कोसळतील. म्हणून त्या उतरत्या ठेवाव्या लागतात आणि जसजसे खोल जावे तसतसा खाणीचा माथा रुंदावतो. समजा, धातुकाचा पट्टा ५० मीटर रुंद व अगदी उभा आहे आणि खाणीच्या दोन्ही बाजूंचा उतार ४५ अंशांचा आहे. १०० मीटर खोलीपर्यंत एक घनमीटर धातुकामागे दोन घनमीटर निरुपयोगी खडक काढावा लागेल. २०० मीटरपर्यंत हे सरासरी प्रमाण एकास चार, तर ३०० मीटरपर्यंत एकास सहा होईल. केवळ शेवटच्या शंभर मीटरांचा विचार केला तर ते एकास दहा भरते.

कोणत्या तरी खोलीवर हा खर्च तांब्याच्या किमतीपेक्षा जड होतो. तेथे उघडी खाण थांबते. धातुक त्याखालीही असेल, तर भुयारी मार्गाने जावे लागते. मलाजखंड येथे तेच घडले. उघड्या खाणीखाली भूमिगत खाण विकसित करण्याचे काम हाती घेण्यात आले व तिची नियोजित क्षमता वर्षाला ५० लाख टन ठरविण्यात आली.

खाणीचा शेवट असा प्रारंभीच कागदावर मांडता येतो. म्हणूनच ढिगारे कोठे रचावयाचे, पाणी कोठे वळवावयाचे आणि शेवटी जमीन कोणत्या स्थितीत सोडावयाची, याचे नियोजनही प्रारंभीच व्हावे लागते. मुख्य खनिजांच्या खाणींसाठी खाणबंदीचा आराखडा २००३ पासून नियमाने बंधनकारक आहे. गंधकयुक्त खनिजांच्या खाणीत याची निकड अधिक असते. ढिगाऱ्यातील पायराइटला हवा व पाणी मिळाले की आम्ल तयार होते आणि त्यात विरघळलेले धातू ओढ्यात उतरण्याचा धोका असतो. मलाजखंडचा परिसर बंजर नदीच्या खोऱ्यात आहे आणि ही नदी पुढे कान्हाच्या वनप्रदेशातून जाऊन मंडला येथे नर्मदेस मिळते, हे लक्षात घेता पाण्याच्या व्यवस्थेचे महत्त्व सहज पटेल.

दगडखाणीस लागू होणारा बोध

ठाणे जिल्ह्यातील बेसाल्टच्या दगडखाणीही उघड्याच खाणी होत. सुरुंग, पायऱ्या, डंपर, दगड फोडणारी यंत्रे हे सारे तेथेही असते. बेसाल्टच्या ढिगाऱ्यातून आम्लाची भीती सहसा नसते. परंतु एक फरक फार महत्त्वाचा आहे. तांब्याच्या खाणीत निरुपयोगी खडकाचा खर्चच खोलीला लगाम घालतो. दगडखाणीत वरची माती वगळली तर निघणारा जवळजवळ सर्वच दगड विकला जातो. तेथे असा लगाम नाही. उलट, पायरी म्हणून मागे ठेवलेला दगड हा बुडालेला पैसा वाटतो आणि भिंती उभ्याच कापण्याचा मोह होतो. दरडी कोसळून मजूर दगावतात ते अशा भिंतींखाली. खाण भूजलपातळीच्या खाली गेली तर भोवतालच्या विहिरींचे पाणी तिच्याकडे ओढले जाऊ शकते. काम सोडून दिल्यावर कुंपणाविना राहिलेला खोल, पाण्याने भरलेला खड्डा गावातील मुलांना व गुरांना कायमचा धोका ठरतो.

तात्पर्य, तांब्याच्या खाणीस जी मर्यादा हिशेब घालतो, ती दगडखाणीस नियमाने व जागरूकतेने घालावी लागते. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस १९९६ च्या केंद्रीय अधिनियमाने आवश्यक केली आहे. खाणबाधित क्षेत्राच्या हितासाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली आहे. या तरतुदींचा उपयोग करून घ्यावयाचा तर पंचायत सदस्यांनी खाणपट्ट्याचा प्रस्ताव समोर येताच काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. खाण किती खोल जाणार? पायऱ्यांची उंची व रुंदी किती? भोवतालच्या विहिरींची पातळी काम सुरू होण्यापूर्वी मोजून नोंदविली आहे काय? वरची सुपीक माती कोठे राखून ठेवणार? काम संपल्यावर खड्डा बुजविणार, की काठ उतरते करून व कुंपण घालून त्याचा जलसाठा करणार?

शिक्षकांनाही हा विषय वर्गात सहज घेता येईल. काळ्या दगडाचा तुकडा, तांब्याच्या तारेचा तुकडा आणि फळ्यावर काढलेला खाणीचा छेद एवढे साहित्य पुरेसे आहे. ५० मीटरचा पट्टा व ४५ अंशांचा उतार घेऊन विद्यार्थ्यांनी वरील प्रमाणे स्वतः काढली, तर भूमितीचा धडा आणि गावच्या जमिनीचा धडा एकाच तासात होईल.