कोरे पत्र

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे. तेथून जवळच मेहूण. इ. स. 1297 मध्ये आदिशक्ती मुक्ताई तेथे अंतर्धान पावल्या, अशी आपल्या संप्रदायाची श्रद्धा. पोरवयाची गुरू आणि जख्ख म्हातारा शिष्य, दोघांचीही ठाणी एकाच नदीकाठी! खानदेशच्या वारकऱ्याने याचा विचार केलाच पाहिजे.

कथा सर्वांस ठाऊक आहे. चौदाशे वर्षे काळाला चुकविलेला योगी, बसायला वाघ, हाती सर्पाचा चाबूक. पण ज्ञानोबांना पत्र लिहावयास बसला आणि अडला. 'चिरंजीव' लिहावे तर ते ज्ञानाने थोर, 'तीर्थरूप' लिहावे तर वयाने लहान. शेवटी कागद कोराच धाडला. मायबाप हो, मोठा कोण हे ठरल्यावाचून ज्याला प्रेमाचे दोन शब्द लिहिता येत नाहीत, त्याची ही अडचण. मुक्ताईने ती नेमकी ओळखली; इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे ती म्हणाली. ज्ञानदेवांनी उलट पासष्ट ओव्या लिहून पाठविल्या, तीच चांगदेव पासष्टी. आणि पुढे मुक्ताई जिला हसली, त्या कोऱ्या पाटीवर तिनेच अक्षर काढले. चांगदेव तिचा शिष्य झाला.

भावालाही तिने सोडले नाही बरे! लोकांच्या बोलण्याने विटून ज्ञानदेव दार लावून बसले. अंगी सामर्थ्य होते, शाप देता आला असता. हिने राग सोडा म्हणून आळविले. ताटीचे अभंग ते हेच.

आता आपल्या घरचा वाघ पाहू. आखाजीला सालदाराचे साल ठरते. मध्येच त्याचे पोर आजारी पडते, तो उचल मागायला ओट्याखाली येऊन उभा राहतो. मालक आतून ऐकतो, पण घटकाभर मुद्दाम बाहेर येत नाही. पैसे तर देणारच असतो! मग ही घटका कशासाठी? सासूच्या कमरेच्या किल्ल्या काय, दिंडीत पुढच्या जागेवरून होणारी कुरबूर काय, त्याच जातीची.

कोणी म्हणेल, धाक नसला तर शेती बुडेल. हिशेब चोख ठेवावा, चुकल्यास बोलावेही. मुक्ताई काय कमी बोलली? पण तापलेल्या पोराच्या बापाला ताटकळत ठेवल्याने कोणते पीक वाढते?

दर आषाढीला मुक्ताईनगरहून आईसाहेबांची पालखी पंढरीस निघते. तिच्यामागे चालणाऱ्या मालकाने निघण्याआधी सालदाराच्या घरी स्वतः जावे, पोराची चौकशी करावी, आणि उचल तेथेच त्याच्या हाती द्यावी.