फवारणीची विषबाधा आणि धोतऱ्यातील उतारा

ग्रामीण भागात कीटकनाशकास सर्रास ‘औषध’ म्हटले जाते. पिकाच्या दृष्टीने हा शब्द चुकीचा नाही. परंतु पंप पाठीवर घेऊन फवारणाऱ्याच्या दृष्टीने तो घातक आहे, कारण औषध म्हटले की माणसाची भीती जाते. 2017 सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली, फवारा वरच्या बाजूस धरलेला, हवा दमट आणि अंगावरील सदरा औषधाने भिजलेला, अशी त्या वेळची परिस्थिती होती. या प्रकारच्या विषांपैकी एका मोठ्या वर्गावर जो खरा उतारा आहे, तो मूळचा एका विषारी वनस्पतीतून मिळालेला आहे, आणि त्या वनस्पतीची भावंडे आपल्या उकिरड्यावर व गावकुसाशी आपोआप उगवतात. हा उतारा काय करतो, काय करू शकत नाही, आणि तो घरी का करू नये, हे प्रत्येक फवारणी करणाऱ्या कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम विषाची कार्यपद्धती पाहू. मेंदूची आज्ञा मज्जातंतूंमधून स्नायूंकडे, हृदयाकडे व ग्रंथींकडे जाते. तंतूच्या टोकाशी एक सूक्ष्म फट असते, व ती ओलांडण्यासाठी एक रासायनिक द्रव्य निरोप्याचे काम करते. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने 1921 साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून हे दाखवून दिले. एका हृदयाची मज्जा उत्तेजित केली असता त्याची गती मंदावली. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घालताच तेही मंदावले. हे द्रव्य म्हणजे अॅसिटिलकोलीन होय. निरोप पोचताच ते नाहीसे व्हावे लागते, नाहीतर आज्ञा चालूच राहील. हे साफसफाईचे काम कोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. पाटाचे पाणी एका वाफ्यात सोडल्यावर बारे मोडून ते बंद करावे लागते. न केल्यास वाफा फुटतो, तसाच हा प्रकार समजावा.

ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके नेमकी या विकरास जखडून टाकतात. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस ही नावे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. किडीचा मृत्यू याच कारणाने होतो, आणि माणसाचे विकरही त्याच घडणीचे असल्याने तोही सुटत नाही. गेर्हार्ड श्राडर हा जर्मन रसायनज्ञ कीटकनाशकांचा शोध घेत असता 1936 साली त्याच्या हाती या वर्गातील एक असे द्रव्य लागले की त्याचा पुढे युद्धातील विषारी वायूंत समावेश झाला. शेतातील डबा आणि रणांगणावरील वायू यांचे गोत्र एकच आहे, ही गोष्ट विसरता कामा नये.

विषबाधा झालेल्या माणसास प्रथम डोके दुखू लागते, मळमळते, दृष्टी अंधुक होते. नंतर तोंडास लाळ सुटते, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते, घाम फुटतो, उलट्या व जुलाब होतात. छातीत कफ दाटून श्वासास घरघर लागते. अंगावरील स्नायू आपोआप लवू लागतात. याच वेळी मेंदूतील निरोपांचाही गोंधळ उडतो. माणूस अस्वस्थ होतो, बरळतो, त्यास झटके येतात व शुद्ध हरपते. मृत्यू बहुधा श्वास बंद पडल्याने येतो: फुप्फुसे पाण्याने भरतात, छातीचे स्नायू थकतात आणि मेंदूतील श्वसनाचे केंद्रही मंदावते.

येथे एक नेहमीची चूक सांगणे जरूर आहे. दुपारी फवारणी करून आलेला मजूर चक्कर आली म्हणून बसतो, तेव्हा ‘ऊन लागले’ असे म्हणून त्यास सरबत देतात व त्याच ओल्या कपड्यांत सावलीत निजवतात. कपड्यांतील विष कातडीवाटे शरीरात मुरतच राहते, आणि उष्णतेने ते अधिक वेगाने मुरते. अशा वेळी त्याच्या डोळ्यांकडे पाहावे. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झाली असेल आणि तोंडास लाळ असेल, तर ते ऊन नव्हे. बाहुली बारीक दिसली नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नये.

आता उताऱ्याकडे वळू. बेलाडोना नावाचे झुडूप युरोपात व त्याची एक जात काश्मीरकडील हिमालयात आढळते. ते आणि आपला धोतरा एकाच कुळातील; वांगी, बटाटा, मिरची हीही त्याच कुळातील. बेलाडोना व धोतरा यांतील द्रव्यांपासून अॅट्रोपिन मिळते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणे, तोंड कोरडे पाडणे, नाडी जलद करणे हे त्याचे गुण. म्हणजे वर वर्णिलेल्या लक्षणांच्या नेमके उलट. हा योगायोग नव्हे. अॅसिटिलकोलीन ज्या ठिकाणी बसून आज्ञा देते, ती जागा अॅट्रोपिन आधीच अडवून धरते. निरोप्यांची गर्दी कायम असते, पण त्यांस दार उघडे मिळत नाही.

पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार प्रांती एका रानटी घेवड्याचे विषारी बी आरोपींना दिव्य म्हणून खाऊ घालीत. त्यातील फायसोस्टिग्मिन हे द्रव्य कोलिनेस्टरेजलाच अडवते. एडिंबरो येथील टॉमस फ्रेझर याने सशांवर प्रयोग करून, या बियांच्या मारक मात्रेपासून अॅट्रोपिन प्राण्यास वाचवू शकते, हे 1872 साली प्रसिद्ध केले. म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके निर्माण होण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या उताऱ्याचे तत्त्व माणसास ठाऊक झाले होते. अॅट्रोपिन रक्तातून मेंदूतही शिरते, ही त्याची मोठी जमेची बाजू होय.

मात्र येथे मात्रा हाच सारा प्रश्न आहे. आपल्याकडे अॅट्रोपिनच्या कुपीत बहुधा 0.6 मिलिग्रॅम द्रव्य असते. गंभीर विषबाधेत प्रौढास आरंभीच सुमारे 2 ते 3 मिलिग्रॅम, म्हणजे चार-पाच कुप्या, शिरेतून द्याव्या लागतात, आणि गुण न आल्यास दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत न्यावी लागते. छातीतील घरघर थांबून नाडी व रक्तदाब सुधारेपर्यंत हे चालते. बांगलादेशातील चितगाव येथे या दोन रीतींची तुलना करण्यात आली व ती 2012 साली प्रसिद्ध झाली. थोडी थोडी ठरावीक मात्रा देण्याच्या जुन्या रीतीत शेकडा 22 हून अधिक रुग्ण दगावले होते. दुप्पट करीत जाण्याच्या रीतीत हे प्रमाण शेकडा 8 वर आले. औषध तेच, देण्याची रीत तेवढी बदलली.

उलटपक्षी मात्रा जास्त झाली तर अंग तापते, कातडी कोरडी पडते व रोगी बरळू लागतो. अशा वेळी नातेवाइकांनी घाबरून रुग्णास घरी हलवू नये. मात्रा कमी करणे डॉक्टरांच्या हाती असते.

हे सर्व वाचून कोणाच्या मनात येईल की, धोतरा परसात आहेच, तर त्याचा रस पाजावा. असे कदापि करू नये. धोतऱ्यातील द्रव्याचे प्रमाण जातीगणिक, झाडागणिक, पानात वेगळे व बियांत वेगळे असते. पोटात गेल्यावर ते किती व केव्हा लागू पडेल याचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही. धोतऱ्याच्या बियांनी माणसे भ्रमिष्ट झाल्याची व दगावल्याची उदाहरणे आपल्या समाजास नवी नाहीत. एका विषाने अत्यवस्थ झालेल्या रोग्यास दुसरे विष अंदाजाने पाजणे हा उपचार नव्हे.

हळद व अश्वगंधा यांविषयीही अलीकडे पुष्कळ बोलले जाते. प्रयोगशाळेतील उंदरांना ही द्रव्ये दिली असता विषाने मेंदूच्या पेशींची होणारी झीज काहीशी कमी झाल्याचे आढळले आहे, आणि अश्वगंधेने मानसिक ताण हलका होतो असे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. हे संशोधन स्वागतार्ह आहे. परंतु हळदीचे दूध पिऊन फवारणीस निघालेल्या माणसास विष लागणार नाही, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. जखडलेले विकर हळदीने सुटत नाही.

विकर सोडविण्याचे काम प्रॅलिडॉक्झाइम या कृत्रिम औषधाचे. बारामती येथे 200 रुग्णांवर त्याची चाचणी होऊन 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सतत ठिबकत्या धारेने हे औषध दिलेल्यांपैकी शेकडा 1, तर ठरावीक अंतराने दिलेल्यांपैकी शेकडा 8 रुग्ण दगावले. पुढे श्रीलंकेतील चाचणीत मात्र त्याचा लाभ दिसला नाही, त्यामुळे तज्ज्ञांत मतभेद आहेत. एक गोष्ट निर्विवाद आहे: विष विकरास काही काळाने कायमचे चिकटते, व मग ते कशानेच सुटत नाही. मोनोक्रोटोफॉस व डायमेथोएट यांच्या बाबतीत सुमारे चार तासांतच निम्मे विकर असे निकामी होते. गावात वैद्यास दाखवू, संध्याकाळच्या गाडीने जाऊ, असे म्हणण्यात हाच वेळ जातो.

म्हणून विषबाधेची शंका येताच कपडे उतरवावेत व अंग, केस, नखे साबणाने भरपूर पाण्यात धुवावीत. धुणाऱ्याने आपल्या हातांवर रबरी मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी चढवावी. विष पोटात गेले असल्यास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये, दूध-तूपही देऊ नये. औषधातील तेलकट द्रावक फुप्फुसात उतरल्यास नवे संकट ओढवते. रोग्यास डाव्या कुशीवर निजवावे, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि कीटकनाशकाचा डबा किंवा माहितीपत्रक बरोबर न्यावे. डबा नेणे ही केवळ औपचारिकता नव्हे. सर्वच कीटकनाशके या वर्गातील नसतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइडवर अॅट्रोपिन हा उतारा नाही. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली असतील तर सर्व डबे न्यावेत व तसे स्पष्ट सांगावे.

रोगी सावरला असे दिसल्यावरही त्यास लगेच घरी आणण्याचा आग्रह धरू नये. एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे व छातीचे स्नायू पुन्हा दुबळे होण्याचा संभव असतो. 1987 साली श्रीलंकेतील वैद्यांनी या अवस्थेचे वर्णन केले. त्यावर अॅट्रोपिनचा उपयोग होत नाही, कृत्रिम श्वासोच्छ्वासच द्यावा लागतो. उशीवरून डोके उचलता येत नाही, हे तिचे आरंभीचे लक्षण होय, आणि ते उशाशी बसलेल्या घरच्या माणसाच्याच आधी ध्यानात येते.

रक्तातील तांबड्या पेशींत हेच विकर असते व त्याची तपासणी करता येते. पेशीतील निकामी झालेले विकर भरून येत नाही. नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात, आणि तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असते. म्हणून एकदा विषबाधा झालेल्या मजुराने त्या हंगामात पुन्हा पंप पाठीवर घेऊ नये. मालकाने त्यास वेचणीचे किंवा निंदणीचे काम द्यावे. मात्र तेही नुकत्याच फवारलेल्या शेतात देऊ नये.